काळी माती, जांभा आणि पाण्यातलं विष

नमस्कार श्रोतेहो.

‘माती सगळं शुद्ध करते’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. पाण्यात विरघळलेलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. आज दोन्ही अर्ध्यांबद्दल बोलू.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पाणी उकळलं की जंतू मरतात. विरघळलेला धातू मात्र डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. पाणी उकळून आटवलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे आणि कॅडमियमची 0.003. इतक्या सूक्ष्म प्रमाणातला धातू मातीला सापडतो तरी कसा?

याचं उत्तर शेतीतून आलं. 1840च्या दशकात इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एच. एस. थॉम्प्सन या जमीनदाराने मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडून पाहिलं. खाली निथळलं ते कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्समचं पाणी! अमोनिया मातीने ठेवून घेतला आणि बदल्यात स्वतःजवळचं कॅल्शियम देऊन टाकलं. पुढे जे. थॉमस वे या रसायनतज्ज्ञाने हा धागा उचलला आणि 1850 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ही देवघेव मुख्यतः मातीतला चिकण भाग करतो, असं त्यातून पुढे आलं. खटाटोप खत वाहून जाऊ नये म्हणून चालला होता, पण शिसं पकडण्यामागचं तत्त्वही हेच.

आपल्या काळ्या रानात हा चिकण भाग भरपूर. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन फुगून बंद होते, ती मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजामुळे. कच्छ आणि बाडमेरच्या खाणींतून येणाऱ्या बेंटोनाइटमध्येही मुख्यतः हेच असतं. पत्त्यांच्या कॅटासारखे त्याचे थर एकावर एक असतात. थरांवर ऋण भार असतो, म्हणून मधल्या फटींत सोडियम, कॅल्शियम असे धन भाराचे कण येऊन बसतात. शिसं आलं की सोडियम उठतो आणि शिसं त्याच्या जागी बसतं. चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे थर उलगडून पसरले तर साधारण सात गुंठे जागा व्यापतील. तेवढ्यात हिशेबाने 100 मिलिग्रॅमच्या आसपास शिसं मावतं. कुंभाराच्या पांढऱ्या मातीतलं केओलिनाइट याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच पोचतं.

हा हिशेब कागदावरचा. पाणी आम्लधर्मी असेल तर आम्लाचेच कण आधी जागा अडवतात. पाणी कठीण असेल तर कॅल्शियमची गर्दी होते. आणि नळीत नुसतं बेंटोनाइट भरून वरून पाणी ओतलं तर वरचा थर फुगतो आणि पाणी तिथेच तुंबतं. तळ्याच्या तळातून पाणी झिरपू नये म्हणून बेंटोनाइट वापरतात ते याच गुणामुळे. म्हणून सांडपाण्याच्या टाकीत ते ढवळून मग गाळ बसवावा लागतो, किंवा त्याचे दाणे करून वाळूत मिसळावे लागतात.

बरेच जण विचारतात, मग माठाचं काय? माठ भट्टीत भाजलेला असतो. त्या आचेत मातीची रचना बदलते आणि ही देवघेव करण्याची ताकद बरीचशी जाते. माठातलं पाणी गार आणि गोड लागतं, मीही तेच पितो, पण धातू काढायला त्याच्यावर विसंबू नका.

आर्सेनिकची तऱ्हा वेगळीच. पाण्यात ते बहुधा ऋण भाराच्या किंवा भारच नसलेल्या रूपात असतं, त्यामुळे काळ्या मातीच्या ऋण थरांना ते दाद देत नाही. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात लाखो लोक ज्या नलकूपांचं पाणी पितात, त्यांत हेच विष निघालं. कारखान्यांचा यात दोष नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या गंजाला हे आर्सेनिक चिकटलेलं होतं. खोल गाळात ऑक्सिजन संपला, तिथल्या जिवाणूंनी तो गंज विरघळवला आणि आर्सेनिक सुटून पाण्यात आलं. आपल्याजवळ बघायचं तर गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडमधल्या अंबागड चौकी भागातही ते सापडलं आहे.

त्यावर कामाला आला जांभा! ज्याचे चिरे कोकणात घरांना लावतात तोच. त्याला चिकणमाती म्हणता येणार नाही, पण त्यात केओलिनाइटबरोबर लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं ठासून भरलेली असतात आणि आर्सेनिक त्यांना घट्ट धरतं. खरगपूरच्या आयआयटीत जांभ्याचे दाणे करून, त्यांवर आम्ल आणि अल्कलीची प्रक्रिया करून त्यांची धारणशक्ती कितीतरी पटींनी वाढवली. बंगालच्या गावांत त्याचे फिल्टर बसलेही. चिऱ्याचा तुकडा हौदात टाकून मात्र काही साधणार नाही.

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. फिल्टर भरला, पुढे काय? माती धातू नष्ट करत नाही, नुसता धरून ठेवते, आणि परिस्थिती बदलली की सोडूनही देते. वापरलेले जांभ्याचे दाणे तळ्याच्या कुजक्या चिखलात फेकले, तर बंगालच्या जमिनीखाली जे झालं तेच तिथे छोट्या प्रमाणात होऊ शकतं. शिसं धरलेल्या मातीवर आम्ल पडलं तर शिसं पुन्हा मोकळं होतं. कारखान्यात याच युक्तीने माती धुऊन धातू परत मिळवता येतो. गावात तशी सोय नसते. तिथे दाणे कोण बदलणार, जुने कुठे जाणार आणि खर्च कोण देणार, हे फिल्टरच्या उद्घाटनाआधी ठरायला हवं. नारळ फोडल्यावर विचारायला कुणी भेटत नाही.

आपल्या विहिरीबद्दल शंका असेल तर आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू एवढंच बहुधा बघतात. म्हणून शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांची तपासणी हवी असेल तर अर्जात तसं वेगळं लिहा, आणि नमुना कोणत्या बाटलीत, कसा घ्यायचा हे बाटली भरण्याआधी तिथेच विचारून घ्या.

नमस्कार.