नळदुर्गात राहिलेला कादंबरीकार

हा आवाज बोरी नदीचा. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटर गेलं की नळदुर्ग. बंधारा भरून वाहू लागला की सोलापूरकर रविवार गाठून इथं येतात. हा नर, ती मादी. दोन्ही धबधबे आज जोरात आहेत.

बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. अलीकडे मुख्य किल्ला, पलीकडे रणमंडळ नावाचा जोडकिल्ला, आणि दोघांना जोडणारी ही दगडी भिंत. या भिंतीच्या पोटातून जिना खाली उतरतो. पायऱ्या ओल्या आहेत, भिंतीचा आधार घेतच उतरावं लागतं. आणि हा पाणीमहाल. खिडकीबाहेर पाणी कोसळतंय, आत बसायला जागा. दगडावरची नक्षी जवळून बघा.

१८५३ साली निजामाने कर्जापोटी हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. कारभारी म्हणून आला मेडोज टेलर, हाच तो कादंबरीकार. जन्म लिव्हरपूलचा, १८०८चा. पोरसवदा वयात मुंबईत व्यापाऱ्याकडे नोकरीला आला आणि निजामाच्या चाकरीत शिरला. पोलिसांत असताना ठगांशी गाठ पडली. त्यातून १८३९ची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी झाली. पकडलेला ठग अमीर अली साहेबापुढे बसून आपणच केलेले खून सांगत जातो. हिंदुस्थानची वाट म्हणजे ठगांची वाट, हे विलायतेच्या मनात बसलं ते बरंचसं या पुस्तकामुळे.

असा माणूस नळदुर्गात चार वर्षं राहिला. जमिनीची मोजणी, रस्ते, तळी, सगळं त्याच्या हाताखाली चाललं. १८५७ला बदली बुलढाण्याला. पुढे मायदेशी परतल्यावर त्याने लिहायला घेतला तो हाच मुलूख.

हे तुळजापूर. देवळाकडे उतरणाऱ्या या पायऱ्या. १८६३ साली आलेल्या ‘तारा’ची सुरुवात याच गावात होते. तारा ही शास्त्र्याची मुलगी, वडिलांकडे संस्कृत शिकलेली, बालविधवा. काळ अफजलखानाचा, १६५७ पासूनचा. शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने घडणाऱ्या तीन कादंबऱ्यांतली ही पहिली. दुसरी, ‘राल्फ डार्नेल’, १७५७वर, म्हणजे प्लासीच्या काळावर. तिसरी, १८७२ची ‘सीता’, १८५७वर. तिच्यात एक हिंदू विधवा इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न करते. साहेबी नजर आहेच, पण इथल्या बाईला त्याने गोष्टीच्या मधोमध बसवलं, तेही तीनदा नाही तरी दोनदा ठळकपणे.

धबधबा बघायला याल तेव्हा तुळजापूरही करा, आणि येण्याआधी ‘तारा’ची पहिली प्रकरणं तेवढी वाचून या.