आधी मान्यता, मग व्हिसा : जर्मनीकडे निघालेल्या कुशल हातांसाठी

[दृश्य : पुणे, सायंकाळ. जर्मन भाषेचा वर्ग. फळ्यावर क्रियापदांची रूपे.]

पुण्याला जर्मन भाषा नवीन नाही. मॅक्सम्युलर भवनात पुणेकरांच्या कितीतरी पिढ्या ती शिकल्या, कधी साहित्याच्या ओढीने, तर कधी संशोधनासाठी. आज या भाषेकडे वळणाऱ्यांत परिचारिका आहेत, फिटर आहेत आणि संगणक अभियंतेही आहेत, कारण जर्मनीने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आहे.

युद्धोत्तर काळात जन्मलेली तेथील मोठी पिढी निवृत्त होत असून तिच्या जागा भरण्याइतके तरुण देशात नाहीत. म्हणून १ मार्च २०२० रोजी कुशल कामगारांसाठीचा नवा कायदा लागू झाला आणि नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात तो तीन टप्प्यांत आणखी सैल करण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांना दरवर्षी द्यावयाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याची घोषणा झाली. हा आकडा महाराष्ट्रात फार वेगाने पसरला. मात्र ती व्हिसांची मर्यादा आहे, रिकाम्या पडलेल्या नोकऱ्यांची यादी नव्हे, हे त्याच्यासोबत सांगितले गेले नाही.

पदवीधरासाठी सर्वांत भक्कम वाट ब्लू कार्डाची, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या वास्तव्य-परवान्याची आहे. त्यासाठी जर्मनीत मान्य असलेली पदवी, तिला साजेशा नोकरीचा किमान सहा महिन्यांचा करार आणि ठरावीक वेतन लागते. २०२५ साली ही वेतनमर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ती सुमारे ४३,७६० युरो होती. संगणक क्षेत्रात गेल्या सात वर्षांतील तीन वर्षांचा योग्य अनुभव असेल, तर पदवीवाचूनही हे कार्ड मिळू शकते. जोडीदाराला जर्मन परीक्षेची अट नसते आणि तेथे पोहोचताच काम करता येते. कार्डधारकाला २७ महिन्यांनंतर, आणि जर्मन बी१ पातळीपर्यंत (ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या पातळ्यांतील मधली) येत असेल तर २१ महिन्यांनंतरच, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर गुणांचा तक्ता.]

जून २०२४ पासून सुरू झालेल्या अपॉर्च्युनिटी कार्डाची चर्चा मात्र याहून कितीतरी अधिक आहे, कारण त्यासाठी नोकरी आधी हातात असावी लागत नाही. शिक्षणाला पूर्ण मान्यता मिळालेल्यांना ते गुणांविना मिळते. इतरांना मायदेशात मान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण, भाषेची किमान पातळी आणि सहा गुण लागतात. पस्तिशीच्या आतील वयाचे दोन गुण, गेल्या सात वर्षांतील पाच वर्षांच्या अनुभवाचे तीन आणि उत्तम इंग्रजीचा एक असे सहा गुण जर्मनचा एकही शब्द न येता भरतात, आणि नेमकी येथेच गफलत होते. हे कार्ड नोकरी शोधण्यासाठी मिळालेले एक वर्ष आहे. त्या काळात आठवड्याला वीस तास काम करता येते, परंतु २०२५ च्या नियमाप्रमाणे महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला १३,०९२ युरो, इतकी तजवीज आधीच दाखवावी लागते. घरचे दागिने किंवा जमीन गहाण टाकून ही रक्कम उभी करणाऱ्याने, आपण ज्या गावात काम शोधणार तेथील कारखान्यात सूचना कोणत्या भाषेत दिल्या जातात, याचा आधी विचार करावा, असे आम्हांला कळकळीने वाटते.

[दृश्य : आयटीआयची कार्यशाळा. लेथ यंत्र, ठिणग्या.]

यांपैकी कोणतीही वाट निवडताना पहिला प्रश्न शिक्षणाच्या मान्यतेचा असतो. पदवीधराने आपले विद्यापीठ आणि आपली पदवी ‘अनाबिन’ या जर्मन माहितीकोशात पाहावी. तेथे समाधानकारक नोंद नसेल, तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉन येथील केंद्रीय कार्यालयाकडून समकक्षतेचा दाखला मिळवता येतो. आयटीआयच्या विद्यार्थ्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असतात, तर वेल्डरचा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे हात कितीही तयार असला, तरी केवळ त्या प्रमाणपत्रावर दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची अट पूर्ण होत नाही. प्रवेश घेतानाच हे मुलांना सांगणारे कोणी असावयास हवे.

परिचारिकांना तर परवान्याशिवाय परिचारिका म्हणून काम करताच येत नाही. त्यासाठी साधारणपणे बी२ पातळीचे जर्मन आणि तेथील पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा लागते. तोवर त्या सहायक म्हणून, कमी वेतनावर राबतात. मार्च २०२४ पासून मान्यता भागीदारीची सोय झाली आहे. नोकरीचा करार आणि ए२ पातळीचे जर्मन असेल, तर जर्मनीत जाऊन, मालकाच्या साहाय्याने, मान्यतेची प्रक्रिया तेथेच पुरी करता येते. ही वाट संथ असली, तरी पहिल्या दिवसापासून पगार मिळत असल्याने आम्हांला ती अनेकांसाठी अधिक सुरक्षित वाटते.

महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि पहिल्या टप्प्यासाठी १०,००० उमेदवारांचे उद्दिष्ट ठेवले. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनी नगरी आहे.

अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे शासकीय शुल्क ७५ युरो आहे. दलालाने सांगितलेल्या लाखांच्या रकमेशेजारी हा आकडा लिहून पाहावा.

[दृश्य : घराचा उंबरठा. बांधलेल्या बॅगा.]

निघताना आई-वडील विचारतात, आम्हांला कधी नेणार? १ मार्च २०२४ नंतर प्रथमच कुशल कामगाराचा वास्तव्य-परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना बोलावण्याची मुभा कायद्याने दिली आहे. मात्र त्यांच्या निर्वाहाची आणि आरोग्यविम्याची पूर्ण सोय दाखवावी लागते, आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तेथे नव्याने विमा मिळणे हेच सर्वांत अवघड असते. हे उत्तर त्यांना उंबरठ्यावर असतानाच द्यावे.