मागचं चाक मोकळं झालं की

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज इथे दिवसभर थांबत नाही. एका गॅरेजच्या दारात ही स्पोर्ट्स बाईक उभी आहे, गगनबावड्याच्या पावसातून आलेली. चेनला तांबडी माती चिकटलीय, आणि गाडीला सेंटर स्टँड नाही.

अशा गाड्यांना तो सहसा देतच नाहीत. वजन वाढतं, शिवाय वळणात गाडी झुकली की तो रस्त्याला घासू शकतो. मग मागचं चाक फिरवून चेन साफ करायची कशी? काहीजण इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावतात. कृपा करून असं करू नका. चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या, मध्ये फडकं ओढलं जातं, आणि त्यामागोमाग बोटं.

आता स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारा भाग, जवळून बघा. मागच्या टोकाला, दोन्ही बाजूंना, बऱ्याच स्पोर्ट्स बाईकना आटे पाडलेलं एक भोक असतं. त्यात बोल्टने स्पूल बसतो. दोऱ्याच्या रिळासारखा आकार, मध्ये खाच. मागचं चाक उचलणाऱ्या वेगळ्या रिअर स्टँडचे दोन आकडे या खाचेत बसतात, त्यामुळे गाडी आडवी सरकत नाही. नुसत्या रबरी पॅडच्या स्टँडवर एवढी खात्री नसते.

उद्यमनगरात स्पूल कातून मिळेलच, इथल्या टर्नरच्या हाताला तोड नाही. मेख आहे ती आट्यांत. बोल्ट 6, 8 की 10 मिमीचा, ते गाडीवर ठरतं. 10 मिमीतसुद्धा आट्यांचं अंतर कुठे 1.25, तर कुठे 1.5. चुकीचा बोल्ट एकदोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथे पान्याने जोर लावला, की ॲल्युमिनियमच्या स्विंगआर्मचे आटे गेलेच म्हणून समजा. म्हणून सुरुवातीचे फेरे बोटांनीच फिरवायचे.

जमीन सपाट आणि टणक हवी. पहिल्या वेळी सोबत कुणीतरी असू द्या. "हँडल सोडू नकोस हं," मिस्त्री पोराला सांगतायत. पोरगा डावीकडून गाडी सरळ धरतो. मिस्त्री दोन्ही आकडे स्पूलखाली आणतात, दोन्ही बाजू पुन्हा बघतात, आणि मग स्टँडचा दांडा एका दमात खाली दाबतात. चाक अधांतरी.

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हातानेच फिरवायचं. ओ-रिंगच्या, म्हणजे कड्यांत रबरी रिंगा असलेल्या, चेनला पेट्रोल लावू नका, रबर खराब होतं. चेन क्लीनर, मऊ ब्रश, कोरडं फडकं, मग ल्यूब (चेनचं वंगण), तेही चेनच्या आतल्या बाजूने. चाक फिरवता फिरवता चेन कुठे ताठ, कुठे सैल, हेही हाताला कळतं. ताण मात्र गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच मोजा. काही गाड्यांचा तो साइड स्टँडवर उभी करून मोजायचा असतो.

उतरवताना आधी साइड स्टँड बाहेर काढलाय ना, ते बघा. मग डाव्या हाताने गाडी धरून दांडा हळूहळू वर सोडा.