दिवसाउजेडी पोहोचायचं

(दृश्य : पलंगावर मांडलेलं सामान)

एकटीनं, कमी पैशांत फिरायला निघालेल्या मुलीचं सामान एवढंच. तीन टी-शर्ट, दोन पॅन्ट, लवकर वाळणारा टॉवेल, लॉकरसाठी स्वतःचं कुलूप. आणि कोपऱ्यातला तो रबरी तुकडा? ती पाचर. दार आत उघडणारं असेल तर आतून खाली सारायची. कडी खिळखिळी निघाली तरी बाहेरून ढकलून दार उघडत नाही.

कपडे घट्ट गुंडाळायचे. बूट जड, म्हणून ते पायांत. मग बॅग काट्यावर. अनेक स्वस्त विमानकंपन्या केबिनमध्ये ७ किलोच नेऊ देतात. त्यावर गेलं की तिकिटात वाचलेलं सामानात जातं. शिवाय बॅग स्वतःला उचलता यायला हवी. जिन्यावर कुणा अनोळखी माणसानं 'द्या, मी धरतो' म्हटलं, तर नको म्हणता आलं पाहिजे.

पैसे तीन ठिकाणी. दिवसभराचे पाकिटात, थोडे बॅगेच्या तळाशी, बाकीचे कपड्यांच्या आत, कमरेच्या पट्ट्यात.

(दृश्य : जुनं छायाचित्र. चौकड्यांचा लांब कोट, हातात छोटी बॅग)

ही नेली ब्लाय, अमेरिकन पत्रकार. जगप्रदक्षिणेची कल्पना तिनं मांडली तेव्हा कचेरीत उत्तर मिळालं : बाईला सोबत लागेल, शिवाय ढीगभर ट्रंका. नोव्हेंबर १८८९मध्ये ती निघाली, एकटी, या बॅगेनिशी. सोन्याची नाणी खिशात, नोटा चामड्याच्या पिशवीत, गळ्याभोवती. ७२ दिवसांत परतली. अर्थात, तिचा खर्च वृत्तपत्राचा होता. आपली प्रवासी स्वतःच्या खिशातून निघाली आहे.

(दृश्य : बसस्थानक, वेळापत्रकाचा फलक)

स्वस्तातली गाडी रात्री दोनला पोहोचते. महागातली सकाळी. रात्रभराच्या प्रवासानं एका मुक्कामाचं भाडं वाचतं, हे सगळेच सांगतात. पण गाडी वेळेआधी, अंधारात पोहोचली तर? मग स्थानकावर बसून राहायचं, नाहीतर टॅक्सी करायची. वाचलेलं भाडं टॅक्सीत जातं.

(दृश्य : डॉर्म. दुमजली खाटा, पडदे, लॉकर)

अख्खी खोली नाही, अनेकांच्या खोलीतली नुसती खाट भाड्यानं. रिशार्ड शिरमान या जर्मन शिक्षकानं १९१२मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू केलं, तेव्हापासून तुटपुंज्या पैशांत फिरणाऱ्यांचा हाच आधार. आता मुलींची वेगळी डॉर्मही मिळते. मात्र बऱ्याच ठिकाणी तिथली खाट मिश्र डॉर्मपेक्षा महाग असते. एकटीनं खोली घ्यावी, तर बहुतेकदा दोघांचं भाडं एकटीच्या माथी.

आल्या आल्या आपली प्रवासी काय करते, बघा. लॉकरचा कोयंडा हलवून पाहिला. खाटेजवळचा प्लग चालतो का, तेही पाहिलं. रात्री फोन बंद पडून चालणार नाही. घरी पत्ता आणि उद्याच्या गाडीची वेळ पाठवली. सोशल मीडियावरचे फोटो मात्र गाव सोडल्यावरच.

(दृश्य : वही, जवळून)

हिशेबाला दोन रकाने. पहिल्यावर लिहिलंय 'प्रवास'. दुसऱ्यावर 'अंधार'. रात्रीची टॅक्सी, मुलींच्या डॉर्मचे वरचे पैसे, सकाळच्या गाडीचा फरक, सगळं दुसऱ्यात. कमी पैशांत फिरण्याचे जे सल्ले सर्रास मिळतात, त्यांत हा रकाना नसतो, कारण ते देणाऱ्या कित्येकांना तो कधी भरावाच लागलेला नाही.

हा रकाना वाढला, म्हणून यादीतली शेवटची दोन गावं खोडली आहेत.

पुढचं तिकीट : एक गाडी पहाटे तीनला पोहोचते, दुसरी सातला. तिनं सातचं काढलं.