आधी लेथवाला, मग इंजिन

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'जुन्या स्पोर्ट्स कारसाठी इंजिन आणि पार्ट कसे निवडावेत', वेळ दिलाय चाळीस मिनिटं, त्यातली दहा सत्कारात गेली, त्यामुळे मी थेट मुद्द्यावर येतो. म्हणजे येणार नाही, आधी माझ्या गाडीची गोष्ट सांगणार, ती इथल्या निम्म्या लोकांनी दोनदा ऐकलीय तरी.

गाडी एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची दोन सीटची स्पोर्ट्स कार. १९५५ ते १९६२ एवढीच बनली, इंग्लंडात ॲबिंग्डनला, लाखाच्या जरा वर, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. माझ्याकडे आली ती कधीकाळी लाल असावी अशी. बॉनेट उघडलं तर आत काय, डिझेल इंजिन! हसताय काय, ऐंशीच्या दशकात आपल्याकडे हेच चालायचं, पेट्रोल परवडत नाही म्हणून भल्याभल्या गाड्यांच्या पोटात डिझेल घालायचे. मी सकाळी स्टार्टर मारला की समोरच्या काकू गॅलरीत येऊन विचारायच्या, "पाण्याचा टँकर आला का हो?"

पण आधीचा मालक येडा नव्हता बरं का. ते डिझेल होतं ॲम्बेसिडरचं. आणि ॲम्बेसिडर म्हणजे कोण, इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे तिचं जुनं पेट्रोल इंजिन बीएमसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी सिरीज, १४८९ सीसी. आता एमजीएचं पहिलं इंजिन सांगा. बी सिरीज, १४८९ सीसी! बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच ७३ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, तीच ८८.९. सख्खे भाऊ हो, एक टॅक्सीला लागला, दुसरा रेसला गेला. डिझेलही त्याच घराण्यातलं, म्हणून तिथे मावलं.

तर मी ठरवलं, पेट्रोलवाला भाऊ शोधायचा. एका रविवारी जुन्या बाजारात एकाकडे मिळाला. ताजा हिरवा रंग, टॅपेट कव्हर चकाचक. विकणारा म्हणाला, "साहेब, प्रोफेसरची गाडी होती, फक्त कॉलेजला जाऊन यायची." आपल्या गावात आजवर जेवढी जुनी इंजिनं विकली गेली ती सगळी प्रोफेसरांची होती आणि सगळे प्रोफेसर कॉलेजजवळच राहायचे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. घेतलं. टेम्पोत टाकलं आणि लेथवाल्याकडे नेलं.

लेथवाल्याने हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं, उलटं ठेवलं, आणि रंगाकडे बघून एक शब्द बोलला नाही. ब्रशने रॉकेल लावलं, पाच मिनिटं बिडी ओढली, फडक्याने कोरडं पुसलं. मग मला म्हणाला, "खडू आहे का?" मुलीचं दप्तर गाडीतच राहिलेलं, त्यातला एक दिला. त्याने तो हेडवर आडवा घासला, पांढरा थर दिला आणि परत गप्प. हळूहळू दोन नंबर आणि तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधे, पांढऱ्यावर एक काळपट रेघ उमटली, केसाएवढी. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूने बाहेर ओढलं! बी सिरीजला चार सिलिंडर पण एक्झॉस्टची भोकं तीनच, मधल्या दोघांचं एकत्र, त्यामुळे सगळी आच तिथेच साठते आणि हेड तिथेच तडकतं. प्रोफेसर कॉलेजला घाट चढून जात असणार.

मी डोक्याला हात लावून बसलो, तर तो म्हणतो, "हेड जाऊ द्या हो, दुसरं आणू. ब्लॉक चांगलाय. रिबोअर करतो, पिस्टन मिळतील, बेअरिंग मिळतील, क्रँक घासून देतो." माझी आजची सगळी थिअरी या एका वाक्यात आहे. तुम्ही इंजिन निवडत नसता, ते इंजिन ज्याच्या हाताखालून शंभरदा गेलंय तो माणूस निवडत असता. परदेशातून…

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, पळवतो.

वजन. एमजीसी नावाच्या गाडीत १९६७ ला त्यांनी २९१२ सीसीचं सहा सिलिंडर घातलं, नाकावर नव्वद किलोच्या वर वजन वाढलं आणि गाडी वळेना म्हणून सगळ्यांनी शिव्या दिल्या. तेच १९७३ ला एमजीएच्या पुढच्या एमजीबीच्या जीटी मॉडेलात रोव्हरचं ३५२८ सीसी व्ही-एट घातलं तर चाललं, कारण ते ॲल्युमिनियमचं, जुन्या चार सिलिंडरपेक्षा फार जड नाही. तेव्हा हॉर्सपॉवर विचारायच्या आधी वजनकाटा विचारा.

ॲम्बेसिडरचं पेट्रोल इंजिन पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवरचं, एमजीएचं ६८, पुढे ७२. ब्लॉक एकच, मग फरक कुठेय? हेड, कॅमशाफ्ट, कार्बोरेटर. पैसे तिथे घाला, एसयू कंपनीचे जोडीचे कार्बोरेटर घ्या आणि दोन्ही एकसारखे ट्यून करून घ्या, एक ढिला राहिला तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

एमजीबीचं १७९८ बसवायचं असेल तर १९६४ पर्यंतचं, क्रँकला तीन बेअरिंगवालं, सोपं जातं. नंतरचं पाच बेअरिंगवालं टिकाऊ, पण बॅकप्लेट आणि फ्लायव्हीलचं काम निघतं. ब्रेक आधी बघा, एमजीए १५०० ला चारही ड्रम आहेत, पुढे डिस्क १६०० पासून.

आणि कागद! २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. तेव्हा जो मित्र मला दर आठवड्याला नंतरच्या ॲम्बेसिडरचं इसुझू १८०० टाक म्हणतो, तो तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याला हे उत्तर. सगळं करायचंच असेल तर इंजिन नंबर आरसी बुकात चढवून घ्या.

झालं, झालं, उठतो. गाडी खाली उभी आहे, चहा घेऊन बघा. तीन बेअरिंगवाल्या बी सिरीजला मागे धड ऑइल सील नसतं, नुसते आटे असतात तेल परत ढकलायला, म्हणून खाली पुठ्ठा ठेवलाय. गेल्या वेळी कोणीतरी कचरा समजून उचलला आणि हॉलवाल्याने फरशी धुवायचे पैसे माझ्याकडून घेतले.