दोन पराभवांचा बॉक्सर

नमस्कार श्रोतेहो.

47 लढती, 45 विजय, त्यांतले 41 नॉकआउट आणि पराभव फक्त 2. व्हिटाली क्लिच्को या युक्रेनी मुष्टियोद्ध्याची व्यावसायिक कारकीर्द आकड्यांत सांगायची तर एवढीच. पण आज कीव्ह शहराच्या महापौरपदावर असलेला हा माणूस समजून घ्यायचा असेल, तर ते 45 विजय थोडा वेळ बाजूला ठेवू या. त्याचे दोन पराभव जास्त बोलके आहेत.

पहिला पराभव एप्रिल 2000 मधला, बर्लिनचा. समोर होता अमेरिकेचा ख्रिस बर्ड. गुणांवर क्लिच्को चांगलाच पुढे होता. नववी फेरी संपली, तो कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला आणि पुढच्या फेरीला उठलाच नाही. खांदा निकामी झाला होता. जेतेपदाचा पट्टा गेला तो गेलाच, वर अमेरिकेतल्या बॉक्सिंगवाल्यांनी त्याच्यावर पळपुटेपणाचा शिक्का मारला.

दुसरा पराभव 21 जून 2003 चा, लॉस एंजेलिसमधला. या वेळी समोर लेनक्स लुईस. क्लिच्कोच्या डाव्या डोळ्याच्या वर इतकी खोल जखम झाली, की सहाव्या फेरीनंतर डॉक्टरांनी लढत थांबवली. तिन्ही पंचांच्या कागदावर तेव्हा क्लिच्को 58-56 असा पुढे होता. तो रक्ताळलेल्या चेहऱ्याने डॉक्टरांशी हुज्जत घालत राहिला. लुईस जिंकला, पण त्यानंतर तो पुन्हा कधी व्यावसायिक लढतीसाठी रिंगमध्ये उतरला नाही. हरलेला क्लिच्को मात्र त्या रात्रीपासून अमेरिकेत मोठा झाला.

एकदा स्वतः थांबला म्हणून बदनाम झाला, एकदा दुसऱ्यांनी थांबवलं म्हणून वाहवा मिळाली. आणि 47 लढतींत त्याला खाली पाडणं कुणालाच जमलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे राजकारणात आपल्याला याची गरज पडणार आहे.

त्याचा जन्म 19 जुलै 1971 चा, तोही युक्रेनमधला नाही. वडील सोव्हिएत हवाई दलात अधिकारी, त्यामुळे बदल्यांचं घर. व्हिटाली जन्मला आजच्या किरगिझस्तानात, धाकटा भाऊ व्लादिमीर कझाकस्तानात. चेर्नोबिलची अणुभट्टी 1986 मध्ये फुटली, तेव्हा तिथल्या साफसफाईच्या कामात वडील होते. 2011 मध्ये ते कर्करोगाने गेले. घरात भाषा रशियन. युक्रेनी भाषा तो पुढे शिकला, आणि तिने त्याला आजवर पुरतं माफ केलेलं नाही.

आधी किकबॉक्सिंग, मग बॉक्सिंग. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तोंडावर तो चाचणीत सापडला, बंदी असलेलं स्टेरॉइड अंगात होतं. पायाच्या दुखापतीवरचं औषध होतं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी धाकट्या व्लादिमीरला पाठवलं आणि तो सुवर्णपदक घेऊन आला! पुढे दोघेही हॅम्बुर्गला गेले, दोघेही हेवीवेट जगज्जेते झाले, आणि आईला शब्द दिल्याप्रमाणे एकमेकांविरुद्ध कधीच लढले नाहीत. व्हिटालीने मधल्या काळात क्रीडाशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली. म्हणून जाहिरातींत तो ‘डॉक्टर आयर्नफिस्ट’.

राजकारणाचा रंग त्याच्या अंगावर पहिल्यांदा दिसला तो डिसेंबर 2004 मध्ये, अक्षरशः अंगावर. लास व्हेगासला डॅनी विल्यम्सशी लढताना त्याने नारिंगी रंग मिरवला. युक्रेनमध्ये तेव्हा घोटाळ्याच्या निवडणुकीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, ती नारिंगी क्रांती. वर्षभरात गुडघ्याने दगा दिला आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. 2006 मध्ये तो कीव्हच्या महापौरपदासाठी उभा राहिला आणि दुसरा आला. 2008 मध्ये पुन्हा उभा राहिला, तर तिसरा. मग त्याने काय करावं? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जवळजवळ चार वर्षांच्या खंडानंतर, रिंगमध्ये परतून सॅम्युएल पीटरकडून जेतेपद हिसकावून घेतलं. मतदारांनी नाकारलेला माणूस पुन्हा जगज्जेता! सप्टेंबर 2012 मध्ये मॉस्कोत तो शेवटची लढत जिंकला आणि पुढच्याच महिन्यात ‘उडार’ या त्याच्या पक्षाने 450 जणांच्या संसदेत 40 जागा मिळवल्या.

आता 2013-14 चा हिवाळा. अध्यक्ष यानुकोविच यांनी युरोपीय संघाशी ठरलेला करार ऐनवेळी गुंडाळला, आणि कीव्हच्या मैदान चौकात हजारो लोक ठाण मांडून बसले. हो, त्या चौकाला तिथेही मैदानच म्हणतात. विरोधकांचे तीन चेहरे होते, त्यांत सगळ्यांत उंच क्लिच्को. पोलीस आणि निदर्शक भिडले तेव्हा तो मध्ये पडला, तर कुणीतरी आग विझवायचं नळकांडं त्याच्याच तोंडावर मारलं. पांढराफटक झालेल्या क्लिच्कोची ती दृश्यं जगभर दिसली. फेब्रुवारीत अमेरिकी अधिकाऱ्यांचं फोनवरचं बोलणं फुटलं, त्यातही क्लिच्कोला सरकारात घेऊ नये असंच मत होतं. 21 फेब्रुवारीला त्याने इतर नेत्यांबरोबर यानुकोविचशी समझोत्यावर सही केली आणि हात मिळवला. तोवर चौकात डझनावारी माणसं गोळ्यांनी मेली होती. संध्याकाळी व्यासपीठावर उभा राहिला तर लोकांनी हुर्यो उडवली. हात मिळवल्याबद्दल त्याला माफी मागावी लागली. त्या रात्री यानुकोविच पळाले, म्हणजे समझोत्याचं आयुष्य काही तासांचं ठरलं.

अध्यक्षपदासाठी त्याचं नाव आघाडीवर होतं. मार्चच्या अखेरीस मात्र त्याने माघार घेतली आणि पाठिंबा दिला चॉकलेटचे कारखानदार पोरोशेंको यांना. पुन्हा तो स्टुलावरून उठला नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण इथे खांदा निखळला नव्हता. वर्षभराने व्हिएन्नाच्या न्यायालयात गॅस व्यवसायातला अब्जाधीश दिमित्रो फिरताश याने सांगितलं, की हे दोघे निवडणुकीआधी व्हिएन्नात आपल्याला भेटले होते आणि आपल्याला हवं तेच घडलं, पोरोशेंको अध्यक्ष झाले आणि क्लिच्को महापौर. भेट झाल्याचं क्लिच्कोने मान्य केलं, सौदा झाल्याचं नाही. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा प्रश्न हाच आहे, काचेचे पूल आणि विनोदी भाषणं नव्हे.

पण त्यांचाही उल्लेख करायला हवा. मे 2014 मध्ये तो महापौर झाला आणि त्याच्या बोलण्याचे किस्से सुरू झाले. उद्याच्या दिवसाकडे सगळ्यांना पाहता येत नाही, म्हणजे पाहू शकतात ते फक्त सगळेच नव्हेत, अशा अर्थाचं त्याचं एक वाक्य तर इतकं गाजलं, की तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2019 मध्ये पादचाऱ्यांसाठी एक देखणा पूल उघडला, त्यात काचेचे तुकडे बसवले होते. थोड्याच दिवसांत काचेला तडा गेला. काच भक्कम आहे हे दाखवायला हा दोन मीटर उंचीचा महापौर तिच्यावर उड्या मारताना कॅमेऱ्यात दिसला. त्याच्या नकला करणाऱ्या विनोदी मंडळींत एक होता व्होलोदिमिर झेलेन्स्की. तो 2019 मध्ये देशाचा अध्यक्ष झाला.

इथे कीव्हचा कारभार समजून घेऊ या. आपल्याकडे मुंबईचा महापौर मानाचा, आणि सही चालते ती राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांची. कीव्हमध्येही दोन खुर्च्या आहेत. एक निवडून आलेल्या महापौराची, दुसरी शहर प्रशासनाच्या प्रमुखाची, आणि ही दुसरी नेमणूक देशाचा अध्यक्ष करतो. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस असावा, असं तिथल्या घटना न्यायालयाने 2003 मध्ये सांगितलं होतं. यानुकोविच यांनी 2010 मध्ये कायदा बदलून त्या वेगळ्या केल्या आणि महापौराला शोभेचा करून ठेवलं. क्लिच्कोकडे मात्र दोन्ही खुर्च्या होत्या, आणि झेलेन्स्की यांच्या माणसांना 2019 मध्ये त्या पुन्हा वेगळ्या करायच्या होत्या. मंत्रिमंडळाने क्लिच्कोला प्रमुखपदावरून काढायला संमतीही दिली, पण आदेशावर सही झाली नाही. 2020 च्या निवडणुकीत क्लिच्को पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन परत आला.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने हल्ला केला. आपल्याकडची वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलं, महाराष्ट्रातलीही, तेव्हा तिथून कशी परतली ते तुम्हाला आठवत असेल. क्लिच्को शहरातच राहिला, भाऊही सोबत. बॉम्ब पडलेल्या इमारतींसमोर उभं राहून तो जगाशी बोलला, आणि काही महिने टीकाकारही गप्प होते. मग वीज गेली. नोव्हेंबरमध्ये नागरिकांसाठीच्या ऊबदार निवाऱ्यांच्या अवस्थेवरून झेलेन्स्की यांनी त्याला जाहीर सुनावलं. 1 जून 2023 च्या रात्री क्षेपणास्त्रांचा इशारा झाला, लोक दवाखान्यातल्या निवाऱ्याकडे धावले, तर दार बंद. दाराबाहेर तिघांचा जीव गेला, त्यांत एक लहान मुलगी. क्लिच्कोने जबाबदारीत आपला वाटा मान्य केला, पण लगेच जोडलं, की त्या भागाचा प्रमुख अध्यक्षांनी नेमलेला आहे. कायद्याने बरोबर. ज्यांची माणसं गेली, त्यांच्या शहरात ते कुणाला ऐकवत असेल, हे तुम्हीच सांगा.

डिसेंबर 2023 मध्ये भुयारात पाणी झिरपल्याने मेट्रोची सहा स्थानकं मुख्य मार्गापासून तुटली, ती वर्षभर. त्याच सुमारास परदेशी पत्रकारांशी बोलताना क्लिच्को म्हणाला, की आपला देश एकाधिकारशाहीकडे चालला आहे आणि सगळं एका माणसाच्या मर्जीवर आलं आहे. भर युद्धात राजधानीच्या महापौराने असं बोलावं का, यावरून मोठा गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर बोलणं खोटं नव्हतं, पण बोलणाऱ्याचे हात मोकळे नव्हते. फेब्रुवारी 2025 मध्ये शहराच्या जमिनींच्या व्यवहारांवरून भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने छापे घातले, आणि त्याच्या प्रशासनातली माणसं संशयितांच्या यादीत आली. तो स्वतः त्या यादीत नव्हता.

त्याआधी, 2024 च्या शेवटच्या दिवशी, झेलेन्स्की यांनी युद्धकाळासाठी असलेल्या शहराच्या लष्करी प्रशासनावर तिमुर त्काचेंको यांना नेमलं. तेव्हापासून कीव्हमध्ये दोन्ही कार्यालयं एकमेकांवर कागद फेकताहेत. बर्फ कुणी उचलायचा, निवारे कुणी दुरुस्त करायचे, पैसा कुणाचा, यावर रोजची भांडणं. क्लिच्कोला 2020 मध्ये मिळालेली मुदत पाच वर्षांची. पण युक्रेनच्या कायद्यानुसार लष्करी कायदा लागू असताना निवडणुका घेता येत नाहीत. त्यामुळे ती मुदत भरली तरी पंचांना निकाल देता येत नाही, आणि त्याला हटवणंही अध्यक्षांना जमलेलं नाही.

नमस्कार.