इंजेक्शन आणि फुटबॉल

हे डेन्मार्क. मैदानात धावणारी मंडळी साठी-सत्तरीतली आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या पुरुषांची ही टीम.

ऑपरेशन होतं, रेडिएशन होतं, रक्तातला पीएसए, म्हणजे ज्या प्रथिनावरून या कॅन्सरचा माग ठेवतात तो, खाली येतो. काहींच्या बाबतीत पुढे कधीतरी तो पुन्हा चढू लागतो. मग अनेकांना हार्मोन रोखणारं इंजेक्शन सुरू करतात. हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो, ते तोडलं की मंदावतो. शिकागोत सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी हे १९४१ मध्ये दाखवलं, १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि आजही उपचारांचा पाया तोच आहे.

पण टेस्टोस्टेरॉन स्नायूंना आणि हाडांनाही लागतं. दंड-मांड्या उतरतात, पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात. मध्येच अंगातून गरम वाफा निघतात. कामेच्छा मावळते, आणि त्याबद्दल घरातसुद्धा कुणी बोलत नाही.

आता पाय बघा. आधी वॉर्म-अप, मग तोल सांभाळायचे व्यायाम, मग पास. शेवटी छोट्या मैदानावर खरी मॅच. थांबा, वळा, पुन्हा सुटा. हाडावर असा उलटसुलट भार पडला की ते टिकायला मदत होते, नुसत्या फेरफटक्याने तो फारसा पडत नाही. आणि बॉल अंगावर आला की मागच्या रिपोर्टचा विचार करायला फुरसत कुणाला?

कोपनहेगनच्या पहिल्या चाचणीत हार्मोन उपचारांवरचे ५७ पुरुष होते. काहींनी आठवड्यातून दोन-तीनदा फुटबॉल खेळला, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. १२ आठवड्यांत खेळणाऱ्यांचे स्नायू सरासरी अर्धा किलोने वाढले, पायांत ताकद आली. दोघांचं पायाचं हाड मोडलं. नंतर गावोगावच्या क्लबांत २१४ रुग्णांवर चाचणी झाली. आजाराशी निगडित जीवनमानाच्या गुणांत १२ आठवड्यांनी फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी मानसिक आरोग्य मात्र सुधारलेलं होतं.

ही टाळी बघा. इथे कुणी पेशंट नाही, कुणी गोलकीपर आहे, कुणी डावा विंगर.

म्हणूनच आमचा आग्रह आहे: ज्या कागदावर इंजेक्शन लिहिलं जातं, त्याच कागदावर व्यायामही लिहा. आधी हाडांची घनता तपासा. कॅन्सर हाडांत उतरला असेल तर कोणता व्यायाम चालेल हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. फुटबॉलच हवा असं नाही. वजनं उचला, जिने चढा, पण चार जण सोबत घेऊन.